घराभोवतीचं पावसाचं पाणी: काम उलट्या टोकाकडून करा

जून सरत आला की दरवर्षी तेच गाऱ्हाणं कानावर येतं. उन्हाळ्यात पैसे घालून अंगणात पाइप टाकले, पाणी मुरवायला खड्डा खणला, पेव्हर ब्लॉक बसवले आणि पाणी मात्र होतं तिथेच साचलंय. काम बघायला गेलं की बहुतेक ठिकाणी चूक एकच निघते: सुरुवात गच्चीपासून केलेली असते. गच्चीचं पाणी खाली आणलं, तिथून अंगणात, अंगणातून फाटकापर्यंत. फाटकाशी आल्यावर कळतं की गटाराचा तळ आपल्या पाइपापेक्षा चार बोटं वर आहे. मग पाइप आडवाच टाकतात आणि वर माती लोटतात.

पाणी वरून खाली जातं, पण त्याची आखणी खालून वर करायची. या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम त्यासाठीच तसा लावलाय. मधली पायरी गाळू नका.

दुसरा पेच आपल्या मातीचा. खानदेशातल्या तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तेव्हा ओतलेलं पाणी ती घटाघटा पिते. ऑगस्टमध्ये त्याच जागी बादली ओतली तर सकाळपर्यंत तशीच. त्यामुळे उन्हाळ्यात "खड्डा चालतो" असं वाटून केलेली निम्मी कामं पोळ्यापर्यंत फसतात.

## तयारी: कधी आणि कशाने

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की कामाला लागा. मृग लागतो ७-८ जूनच्या सुमारास. त्याआधी कोबा (सिमेंट-खडीचा थर) आणि सिमेंटचं काम पुरं होऊन किमान ७ दिवस पाणी मारून झालेलं हवं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी ओतलेला कोबा संध्याकाळपर्यंत तडकतो, म्हणून सिमेंटचं काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. लगेच ओली पोती टाका.

हाताशी ठेवायचं सामान: ४०-५० फूट पारदर्शक लेव्हल पाइप, दोरी, खुंट्या, मोजपट्टी, टिकाव-फावडं, घमेली, धुम्मस (माती ठोकून बसवायचं अवजार), आणि एक वही. वही नसेल तर बाकीच्या सामानाचा उपयोग नाही.

## १. आधी पाऊस बघा, मग कागद

शक्य असेल तर ही पायरी आदल्या पावसाळ्यातच करून ठेवा. जोराचा पाऊस सुरू असताना छत्री घेऊन घराला एक फेरी मारा आणि चार गोष्टी लिहून काढा: पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर जातं, आणि पाऊस थांबल्यावर किती वेळात ओसरतं. मोबाइलवर चित्रफीत काढली तरी चालेल.

पावसाळा हुकला असेल तर खुणा शोधा. भिंतीवर मातीच्या शिंतोड्यांची रेघ किती उंच आहे? कुंपणाच्या तळाशी काडीकचरा कुठे अडकलाय? फरशीखाली कुठे पोकळ वाजतं? शेवाळ वाळून काळं पडलेला भाग म्हणजे पाणी रेंगाळण्याची जागा.

मग वहीत प्लॉटचा आराखडा काढा: घर, ओटा, बोअर, संडासाची टाकी, मोठी झाडं, मोटरची केबल, पाण्याची लाइन, फाटक, रस्त्यावरचं गटार. सुबक नसला तरी हरकत नाही, पण अंतरं मोजून घाला.

आता पाण्याचा हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला तर एकट्या गच्चीवरून साडेचार हजार लिटरच्या वर पाणी उतरतं, म्हणजे एक लहान टँकर. अंगणाचं पाणी यात धरलेलं नाही. वर्षाचा पाऊस आपल्याकडे कोकणाच्या मानाने काहीच नाही, पण येतो तेव्हा असा एकदम येतो. नाली त्या एका तासासाठी बांधायची असते.

तपासा: शेजारच्या प्लॉटचं किंवा वरच्या शेताचं पाणी तुमच्या आवारात येतं का? येत असेल तर ते कुंपणाशीच वेगळ्या चराने वळवा. घराच्या नालीत घेतलंत तर नालीचा सगळा हिशेब कोलमडतो.

## २. निकास ठरवा

पाण्याला बाहेर जायला जागा कुठे आहे ते आता ठरवायचं. पर्याय थोडेच असतात: रस्त्याकडेचं पावसाळी गटार, नैसर्गिक उताराचा नाला, स्वतःच्याच आवारातला खोलगट भाग, किंवा माती साथ देत असेल तर शोषखड्डा.

गटार असेल तर फाटकाशी जाऊन त्याचा तळ मोजा. काठ मोजून उपयोग नाही. गटार गाळाने भरलेलं असेल तर गाळ उकरून खरा तळ शोधा, आणि भर पावसात गटार काठोकाठ वाहतं का हेही शेजाऱ्यांना विचारा. ते तुंबून वाहत असेल तर तुमच्या पाइपातून उलटं पाणी अंगणात येईल. अशा ठिकाणी पाइपाच्या तोंडाला एका बाजूनेच उघडणारी झडप बसवावी लागते.

नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं गटार फोडण्याआधी परवानगी घ्या. पावसाचं पाणी मलवाहिनीत किंवा संडासाच्या टाकीत सोडू नका. टाकी भरून उलटते आणि घाण मोरीतून घरात येते. "एकच पाऊस आहे" म्हणून हे करणारे मी दोन पाहिलेत. दोघांनीही पुढे दुप्पट खर्च केला.

जुन्या कॉलन्यांत वेगळीच गोष्ट झालीय. रस्ता दर काही वर्षांनी वर चढत गेला आणि घर खाली राहिलं. अशा वेळी अंगणात भर घालावीशी वाटते. घाला, पण जोत्याची वरची कड जमिनीपासून किमान ६ इंच उघडी राहिली पाहिजे. त्याहून वर भर गेली की ओल थेट भिंतीत चढते आणि पहिल्या दोन फुटांचा प्लास्टर दरवर्षी गळतो.

आणि शेजाऱ्याकडे पाणी सोडणं हा निकास नव्हे. तो भांडणाचा पाया आहे.

## ३. उतार डोळ्याने नको, नळीने मोजा

मिस्तरी एक डोळा मिटून बघतो आणि म्हणतो, "भाऊ, उतार बराबर से." माणूस खोटं बोलत नसतो. पण ५० फुटांत सहा इंचांचा फरक डोळ्याला कळत नाही, आणि कुंपणाची भिंत तिरकी असेल तर उलटाही दिसतो.

लेव्हल पाइपात पाणी भरा, बुडबुडे झटकून काढा. दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का पाहा. येत नसेल तर नळीत अजून हवा आहे. उन्हात पडलेल्या नळीत बुडबुडे पुन्हा धरतात, म्हणून मोजणी सकाळीच उरका.

जोत्याच्या वरच्या कडेला एक खूण करा. तीच शून्य. नळीचं एक टोक तिथे धरून ठेवा. दुसरं टोक अंगणात पाच-पाच फुटांवर नेत जा आणि प्रत्येक ठिकाणी पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर काठीवर मोजून वहीत लिहा. आकडा जितका मोठा तितकी जमीन खाली. इथे हमखास गोंधळ होतो: मोठा आकडा म्हणजे उंच जमीन असं समजून आराखडाच उलटा काढला जातो.

उतार किती हवा? गवंड्याच्या भाषेत सांगतो, कारण कामावर तीच चालते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

- पाइप आणि सिमेंटची नाली: दर फुटाला १ सूत. ५० फुटांत सव्वासहा इंच.
- फरशी, कोबा, पेव्हर: दर फुटाला २ सूत. १० फुटांत अडीच इंच.
- उघडी माती, जोत्याला लागून: पहिल्या १० फुटांत ६ इंच.

मातीला एवढा जास्त उतार लागतो, कारण ती दबते आणि तिच्यावरून पाणी हळू सरकतं.

आता खरी परीक्षा. समजा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे आणि मागच्या अंगणातलं पाणी पुढे रस्त्यावर न्यायचंय. अंगण सपाट आहे. ४ इंची पाइप टाकायचा आणि वर निदान ६ इंच माती ठेवायची म्हटलं, तर सुरुवातीलाच पाइपाचा तळ १० इंच खोल जातो. त्यात ५० फुटांचे सव्वासहा मिळवा. फाटकाशी पाइपाचा तळ सव्वासोळा इंच खोल. आणि गटाराचा तळ अंगणापासून फक्त १२ इंच खाली असेल तर? पाइप बसतच नाही. हे गणित खणण्याआधी पाच मिनिटांत होतं, खणल्यावर आठ दिवस लागतात.

मग काय करायचं? पाइपाऐवजी उघडी नाली. ती मागे २ इंच खोल सुरू केली तरी चालते, फाटकाशी सव्वाआठ इंचांवर पोहोचते, आणि गटाराच्या तळाच्या पावणेचार इंच वरून पाणी पडतं. फाटकाच्या जागी तेवढी लोखंडी जाळी टाकायची. उघडी नाली दिसायला साधी, म्हणून लोकांना नको असते. माझ्या मते सपाट प्लॉटवर तिच्यासारखं दुसरं काही नाही: तुंबलेलं दिसतं आणि खराट्याने साफ होतं.

तपासा: मागच्या अंगणापासून गटारापर्यंत प्रत्येक पाच फुटांवरचा तळाचा आकडा वहीत आहे ना? तो सतत वाढत गेला पाहिजे. मध्ये कुठे कमी झाला की तिथे पाणी थबकणार.

## ४. मातीची परीक्षा

शोषखड्डा करायचा विचार असेल तरच ही पायरी. पण बहुतेकांच्या मनात तो असतोच.

खड्ड्याच्या जागी १ फूट लांब, १ फूट रुंद आणि २ फूट खोल चाचणीचा खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. असं पूर्ण दिवस आणि रात्र चालू ठेवा, म्हणजे माती फुगून भेगा मिटतील. मग दुसऱ्या दिवशी भरून तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा.

अर्ध्या इंचाहून कमी उतरलं तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. दोन-तीन इंच उतरलं तर जागा चांगली आहे.

एकदाच पाणी ओतून "बघा, दहा मिनिटांत गेलं" म्हणणं ही काळ्या मातीतली सगळ्यात महागडी चूक. ती मीही केलीय. मे महिन्यात खड्डा खणला, दोन बादल्या ओतल्या, पाणी गडप. खूश होऊन गच्चीचे दोन्ही पाइप त्यात सोडले. जुलैत ठीक चाललं. श्रावणात खड्डा तुडुंब, आणि त्यातलं पाणी उलटं ओट्याखाली शिरलं. ओट्याची एक बाजू बोटभर वर उचलली गेली ती आजही तशीच आहे. पाहुणे विचारतात तेव्हा मी विषय बदलतो.

सगळा खानदेश एकसारखा नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-रावेरच्या वरच्या अंगाला, डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचे आणि वाळूचे जाड थर आहेत. तिथे पाणी झपाट्याने मुरतं आणि मुरवलंही पाहिजे. साक्रीकडच्या मुरमाड जमिनीतही खड्डा चालू शकतो, पण खाली लगेच कातळ लागला तर पाणी आडवं पसरून जोत्याकडे येतं. तापीकाठच्या खोल काळ्या मातीत मात्र वरवरचा शोषखड्डा म्हणजे पाण्याची कुंडी.

## ५. नाली आणि पाइप: खालच्या टोकापासून खणा

दोरी ताणा, खुंट्यांवर तळाची खूण करा आणि गटाराच्या बाजूने खणायला सुरुवात करा. खालून वर खणत गेलं की मध्येच पाऊस आला तरी चरातलं पाणी आपोआप बाहेर जातं. वरून खणलं तर चराचा हौद होतो आणि त्याच्या कडा ढासळतात.

केबल आणि पाण्याची लाइन जिथे आडवी येते तिथे टिकाव नको, हाताने उकरा. मोटरचा मेन स्विच बंद ठेवा. कंबरेपेक्षा खोल चर काळ्या मातीत एकट्याने खणू नका. वाळलेल्या कडा ढेकळासकट अंगावर येतात.

पाइप असेल तर: शेतातला उरलेला पातळ पीव्हीसी पाइप वापरायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो प्रत्येकाच्या खळ्यात पडलेला असतो. अंगणाच्या कडेला, जिथे वजन येत नाही, तिथे एक वेळ चालेल. गाडी जाते तिथे नाही. तिथे सांडपाण्यासाठी मिळणारा जाड पाइप घ्या आणि त्याच्या खाली-वर-बाजूंनी कच (खडीची भुकटी) भरा. काळी माती थेट पाइपाला लागू देऊ नका. ती फुगते-आक्रसते तेव्हा सांधे सुटतात आणि पाइप मध्येच पोट काढतो. खाली ३-४ इंच कच किंवा बारीक मुरूम, त्यावर पाइप, बाजूंनी पुन्हा कच, मग माती.

चेंबर: प्रत्येक वळणावर एक, आणि सरळ लाइनीत साधारण २०-२५ फुटांवर एक. आतून दीड फूट बाय दीड फूट. बाहेर जाणारा पाइप तळापासून ६ इंच वर ठेवा, आणि आत येणारा त्याहून इंचभर वर. खालचे ६ इंच गाळासाठी. दोन्ही पाइप तळाला टेकवून लावले की गाळ थेट लाइनीत जातो. तळाला दोन-तीन भोकं ठेवा, म्हणजे पाऊस थांबल्यावर साचलेलं पाणी जमेल तेवढं झिरपेल. पण चेंबर जोत्याला लागून असेल तर भोकं नकोत, तळ पक्का करा.

नव्वद अंशाचा एक एल्बो लावण्यापेक्षा पंचेचाळीसचे दोन लावा. काटकोनात कचरा अडतो.

उघडी नाली असेल तर: आतून ६ ते ९ इंच रुंद. तळ चौकोनी ठेवू नका, अर्धगोल घोटून घ्या. थोडं पाणी असतानाही ते जोरात जातं आणि गाळ सोबत नेतं. जोत्यापासून निदान ३ फूट लांब ठेवा.

गिट्टीचा चर, म्हणजे आत भोकांचा पाइप आणि भोवती गिट्टी, हल्ली सगळे सुचवतात. काळ्या मातीत तो जिओटेक्स्टाइल कापडाशिवाय (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) केला तर दोन पावसाळ्यांत चिखलाने भरतो. कापड चराच्या तळाला आणि बाजूंना पसरा, गिट्टी भरा, वरून कापड दुमडून घ्या, मग माती. पाइपाची भोकं खालच्या बाजूला. वर ठेवली की आधी चर भरतो, मग पाइपात पाणी येतं.

सावधान: चर बुजवण्याआधी वरच्या टोकातून दोन बादल्या पाणी सोडा आणि खालच्या टोकाशी उभे राहा. जवळपास सगळं पाणी आलं पाहिजे. फोटो काढून ठेवा, मोजपट्टी दिसेल असे. पाच वर्षांनी पाइप कुठे गेलाय ते तेच सांगतील.

## ६. जोत्याभोवतीची पट्टी

काळ्या मातीत घराला तडे जातात ते बहुतेक वेळा पाणी जास्त झाल्याने नाही, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी झाल्याने. पागोळ्या पडतात ती बाजू फुगते, दुसरी कोरडी राहते, आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर वर जाते. म्हणून भिंतीलगतचं पहिलं हातभर अंतर सांभाळणं हे बाकी सगळ्या नाल्यांपेक्षा महत्त्वाचं.

क्रम असा.

आधी भेगा बुजवा. त्याच जागेची वाळलेली माती बारीक करून भेगांत सळईने ठासत भरा. रेती भरू नका. रेतीतून पाणी सरळ पायापर्यंत जातं, आणि माती फुगली तरी ती वाट मिटत नाही.

मग भिंतीपासून किमान ३ फुटांची पट्टी ९ इंच खोल उकरा. काळी माती बाजूला काढा, ती मागच्या आळ्यांना कामी येते. तळाला बाहेरच्या बाजूने उतार द्या. आता मुरूम भरा, पण एकदम नाही: ४ इंचांचा थर, त्यावर पाणी शिंपडा, धुम्मस करा, मग दुसरा थर. डंपरने ओतून वरून जेसीबीचं चाक फिरवलेला मुरूम पहिल्या पावसात बसतो आणि उतार नेमका भिंतीकडे होतो. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आधी तेच विचारतो.

मुरुमावर ३ इंचांचा कोबा, दर फुटाला २ सूत उताराने. सलग पट्टी ओतू नका. दर ५-६ फुटांवर सांधा सोडा, नाही तर ती आपल्या मर्जीने फुटते. भिंत आणि कोबा यांच्यामधल्या फटीत डांबर किंवा लवचिक सीलंट भरा. तिथे सिमेंटची पेस्ट लावली की वर्षभरात ती सुटते आणि पाणी बरोबर त्या फटीतून खाली उतरतं.

पैसे कमी असतील तर कोबा पुढच्या वर्षी करा, पण मुरूम आणि उतार याच वर्षी.

पट्टीच्या आत फुलझाडांचे वाफे नकोत. मोरीच्या पाण्यावर केळीचं बेट लावायची आपली सवय चांगली आहे, फक्त ते भिंतीला चिकटून असतं. बेट १०-१२ फूट लांब हलवा आणि मोरीचं पाणी पाइपाने तिथवर न्या. जोत्याजवळचा जुना कडुनिंब घाईने तोडू नका: इतकी वर्षं तो शोषत होता ते पाणी मातीत राहतं, ती फुगते आणि बाजूचा कोपरा उचलला जातो. फांद्या छाटा, नवीन झाड लांब लावा.

## ७. गच्ची, पत्रे, धाबं

आता वर चढायचं. खालचा मार्ग तयार असल्याशिवाय गच्चीचे पाइप नालीला जोडू नका.

१००० चौरस फुटांच्या गच्चीला ४ इंची पाइप किमान दोन हवेत. एक तुंबला तर दुसरा चालतो, तोही फायदा. पाइपाच्या तोंडाला सपाट जाळी नको, घुमटासारखी उठावाची जाळी लावा. सपाट जाळीवर एक पान बसलं की संपलं. आणि आपल्या गच्च्यांवर नुसती पानंच नसतात. बिबडे-कुरडया वाळवलेल्या प्लास्टिकचे तुकडे, मिरच्यांचे देठ, उन्हाळ्यात रात्री झोपायला नेलेल्या गाद्यांचा कापूस, सगळं पहिल्या वावटळीत त्या तोंडाशी जमा होतं.

गच्चीला दर फुटाला १ सूत उतार पुरतो. कठडा आणि गच्ची मिळतात तो कोपरा गोलाईने भरलेला हवा. खाली पाइप जिथे संपतो तिथे तो जमिनीवर मोकळा सोडू नका, थेट चेंबरमध्ये न्या. वरून पडणाऱ्या धारेने एका पावसाळ्यात हातभर खोल खड्डा होतो, तोही जोत्याशी.

पत्र्याच्या घराला पन्हळ लावताना आकड्यांवर कंजूषी करतात. अडीच-तीन फुटांवर एक आकडा हवा, नाही तर भरलेली पन्हळ मध्ये झोल खाते.

धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं अजून गावोगाव आहेत. त्यांना एवढंच: धाब्यावर उगवलेलं गवत पावसाआधी मुळासकट काढा, माती दाबून उतार पुन्हा धरा, आणि पन्हळाचं तोंड भिंतीपासून दीड फूट तरी पुढे काढा. मातीच्या भिंतीवर धार उलटून आली की भिंत तळातून पोखरते. धार पडते तिथे दोन फरश्या टाका.

## ८. शोषखड्डा, माती परवानगी देत असेल तरच

चौथ्या पायरीत पास झालेल्यांसाठी. जोत्यापासून किमान १० फूट, काळी माती मिसळलेली असेल तर १५-२० फूट लांब. संडासाच्या टाकीपासून शक्य तेवढा दूर.

मापाचा अंदाज घ्या. ४ बाय ४ बाय ५ फुटांचा खड्डा रिकामा असताना सव्वादोन हजार लिटरचा. त्यात डबर (मोठे दगड) आणि गिट्टी भरली की पाण्याला जागा उरते साधारण ४० टक्के, म्हणजे ९०० लिटर. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस झाला की तो भरला. म्हणून शोषखड्ड्याला सांडवा हवाच: वरच्या अंगाला एक पाइप, नालीला जोडलेला. सांडवा नसलेला खड्डा हा अर्धवट काम आहे, मग माती कितीही चांगली असो.

भरणी खालून मोठं डबर, मग ४० मिलिमीटरची गिट्टी, मग बारीक, वर रेती. रेतीखाली कापड. आधी गाळाचं चेंबर, मग खड्डा. आणि बोअरमध्ये गच्चीचं पाणी थेट सोडू नका. गाळणीशिवाय ते सोडलं तर बोअरही खराब होतो आणि तुमचं पिण्याचं पाणीही. पहिल्या दोन पावसांचं पाणी धूळ-विष्ठा घेऊन येतं, ते बाहेर काढायला वेगळी तोटी ठेवा.

## ९. पाऊस यायच्या आधीची परीक्षा

टँकर मागवा, किंवा गच्चीवरची टाकी भरून तिचं सगळं पाणी एकदम सोडा. चार माणसं चार ठिकाणी उभी करा: गच्चीचं तोंड, पहिलं चेंबर, नालीचं मधलं वळण, गटार. मोबाइलवर बोलत राहा.

बघायचं एवढंच: पाणी कुठल्या चेंबरमधून वर येतं का, पाऊण तासानंतर अंगणात कुठे डबकं उरतं, आणि पट्टीवर ओतलेला पेला भिंतीकडे सरकतो की बाहेर. डबकं उरलं तर खडूने त्याची कड आखा आणि तेवढाच भाग उकरून पुन्हा करा. "पावसात बघू" म्हणून सोडलं की तिथे पावसात काम करता येत नाही.

## १०. पावसाळ्यातले चार दिवस

पहिला जोराचा पाऊस पडून गेला की त्याच दिवशी सगळी चेंबरं उघडा. वर्षाचा निम्मा गाळ तेव्हाच येतो.

मग आठवड्यातून एकदा साचलेलं पाणी रिकामं करा: चेंबरचा तळ, पन्हळीतला झोल, कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरचं टायर. डासाच्या अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस चुकवू नका. चेंबरची झाकणं घट्ट बसवा. लहान मुलांचं घर असेल तर ती एका माणसाला सहज उचलता येऊ नयेत.

श्रावणात, कानबाईच्या सणासाठी घर झाडायला काढाल तेव्हा जोत्याच्या पट्टीवरून एक फेरी मारा. माती तेव्हा पुरती फुगलेली असते. कुठे कोबा उचललाय, सांधा सुटलाय, दार घासायला लागलंय ते लिहून ठेवा, पण लगेच दुरुस्त करू नका. फुगलेल्या मातीवर बसवलेला उतार ती वाळली की बदलतो. दिवाळीनंतर पुन्हा नळी लावून मोजा आणि मगच हात घाला.

भिंतीत नवी तिरपी चीर दिसली तर तिच्यावर आडवी पेन्सिलीची रेघ मारून तारीख लिहा. महिन्याभरात रेघेची दोन टोकं सरकली तर हे नालीचं काम उरलेलं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि जाताना त्याच्या हातात ती वही द्या.